आईबाबा आणि मुलांनी मिळून फोर बाय फोर उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही पानं जुनी फोर व्हील ड्राइव्ह गाडी मुलाबरोबर खोलून, दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणायला निघालेल्या आईबाबांसाठी आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच आग्रह आहे. मुलाला खरं काम द्या, आणि ते काम दोन जोडी डोळ्यांखालून गेल्याशिवाय गाडी हलवू नका.

कोणती गाडी घ्यावी?

शिडीसारखी वेगळी चासी, पुढे-मागे सलग ॲक्सल, लो रेंजचा ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) आणि शक्य तितकं कमी इलेक्ट्रॉनिक्स. हजार किलोच्या आसपासची हलकी गाडी सगळ्यात सोयीची, कारण तिचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), गिअरबॉक्स, ॲक्सल दोघांना हाताळता येतात. मोठ्या संख्येने विकलं गेलेलं मॉडेल घ्या, म्हणजे सुटे भाग मिळतात आणि कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअलही हाती लागतं. मॅन्युअल मिळत नसेल तर ती गाडी सोडून द्या.

चालू असलेली गाडी घ्या. इंजिन सुरू होतं, सगळे गिअर पडतात, चासी शाबूत आहे, एवढं असलं की फाटलेल्या सीट आणि उडालेला रंग याकडे दुर्लक्ष करा. आधीच कुणीतरी अर्धवट उंच केलेली गाडी टाळा. तिच्यात दुसऱ्याच्या चुका शोधून त्या उलट करण्यातच पहिले सहा महिने जातात, आणि मुलाला त्यात पुढे सरकल्यासारखं काहीच वाटत नाही.

चासी चांगली आहे हे कसं ओळखायचं?

हातोडीने आणि कानाने. गोल तोंडाची लहान हातोडी घ्या आणि चासीच्या पेटीवर दर हातभर अंतरावर ठोका मारत जा. शाबूत पत्रा टणकन वाजतो, आतून कुजलेला पत्रा बद्द आवाज करतो. हा फरक मुलांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो, म्हणून हे काम त्यांच्याकडेच द्या. आवाज बदलला की तिथे खडूने गोल काढायचा. खालून काम करताना चष्मा हवाच, गंजाचे पापुद्रे सरळ डोळ्यांत पडतात.

गंज ठराविक जागी साठतो. पाट्यांचे हँगर, बॉडी टेकते ते माउंट, मागच्या ॲक्सलवरचा चासीचा बाक, सगळ्यात मागचा आडवा पट्टा आणि पेट्रोलच्या टाकीची वरची बाजू. स्टीअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे गंजाबरोबर बारीक चिराही बघा. खडूच्या गोलात जुना स्क्रू ड्रायव्हर दाबा. तो आत गेला तर तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा लागेल, आणि ते काम अनुभवी वेल्डरचं. गंजावर पट्टी ठेवून वेल्ड मारलेली चासी वरून छान दिसते आणि वेल्डच्या कडेनेच तुटते.

वरवरचा गंज घरी निघतो. पोलादी ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर, पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर चासीचा काळा रंग आणि शेवटी पेटीच्या आत नळीने मेण. मेण सर्वांत शेवटी, कारण ते लागल्यावर रंग धरत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने पेटतं.

कामाचा क्रम काय असावा?

धुणं आणि तपासणी, सगळी ऑइलं, ब्रेक, स्टीअरिंग आणि बेअरिंग, गंज, बुश (जोडांमधले रबरी तुकडे) आणि सस्पेन्शन, टायर, मग ब्रीदर (ॲक्सल आणि गिअरबॉक्सची हवा खेळती ठेवणारी तोंडं), ओढण्याचे हुक आणि वायरिंग. विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र), छतावरचा रॅक, जादा दिवे हे सगळं शेवटी.

मुलाला पहिल्या दिवसापासून मोठे टायर हवे असतात, आणि ते स्वाभाविक आहे. तरीही गाडी मूळ उंचीवर दोनतीनशे किलोमीटर चालवून मगच उंच करा. कुठला आवाज आधीपासून होता आणि कुठला आपल्या कामामुळे आला, हे नंतर सांगता येत नाही.

कोणत्या वयात कोणतं काम?

वयापेक्षा हाताची ताकद आणि ऐकण्याची सवय बघा. साधारण अंदाज असा:

- ५ ते ७ वर्षं: नट-बोल्ट धुणं, आकारानुसार लावणं, पिशवीवर नाव लिहिणं, टॉर्च धरणं.
- ८ ते ११: गोटी पाना चालवणं, ऑइल काढणं-भरणं, मल्टिमीटरने बॅटरीचं व्होल्टेज मोजणं, ग्रीस भरणं, मॅन्युअल मोठ्याने वाचून दाखवणं.
- १२ ते १४: ब्रेक पॅड बदलणं, वायरिंगचे लग क्रिंप करणं, टॉर्क पाना (ठरवलेल्या ताकदीला खटका देणारा) वापरणं.
- १५ आणि पुढे: हब खोलणं, ॲक्सलचे सील बदलणं, तुम्ही शेजारी असताना ग्राइंडर.

टॉर्च धरणं हे मानाचं काम नाही, हे मुलांना लगेच कळतं. डोक्यावर लावायचा दिवा दोघांसाठी आणा आणि टॉर्चऐवजी मुलाच्या हातात पाना द्या.

सुरक्षिततेचे कोणते नियम कधीच मोडायचे नाहीत?

नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, बोल्ट उचलायलासुद्धा नाही. सपाट काँक्रीटवर चारही जॅक स्टँड लावा, जमिनीवर चाकं असतील तर त्यांना ओट (चाक अडवणारे ठोकळे) द्या, आणि खाली शिरण्याआधी गाडी कडेने जोरात हलवून बघा. हलायची असेल तर ती तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. डांबर आणि माती स्टँडखाली दबते, तिथे जाड फळी घाला. उंच हायलिफ्ट जॅक चिखलात अडकलेली गाडी उचलायला आहे. त्याच्यावर गाडी ठेवून काम करायचं नाही आणि त्याचा दांडा मुलाच्या हातात द्यायचा नाही.

कॉइल स्प्रिंग दाबून काढताना मूल दुसऱ्या खोलीत. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हाड मोडते.

जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडल्यावर फुंकर किंवा हवेचा पाइप मारू नका, ब्रेक क्लीनरने ओलं करून पुसा. पण क्लोरीन असलेल्या क्लीनरने पुसलेल्या भागावर वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू निघतो. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या दिवशी पेट्रोलची टाकी गाडीवर नको. वापरलेलं इंजिन ऑइल कातडीला वाईट, तेव्हा नायट्राइल हातमोजे दोघांनाही, आणि मुलाच्या मापाचे.

चाक उचलणं मुलाचं काम नाही. टायरसकट लोखंडी चाक वीस-पंचवीस किलोंचं भरतं. चाक गडगडत आणायचं आणि पहारीने रेटून स्टडवर चढवायचं.

बोल्ट निघतच नाही. काय करावं?

आदल्या दिवशी पोलादी ब्रशने आटे साफ करून पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवा आणि सकाळी पुन्हा मारा. बारा कोनांची गोटी बाजूला ठेवून सहा कोनांची घ्या, कारण गंजलेल्या डोक्याचे कोपरे बारा कोनांची गोटी घासून टाकते. आधी बोल्ट किंचित आवळायचा, मग सोडायचा. गंजाची पकड त्या पहिल्या हालचालीत सुटते. थोडा फिरला की लगेच पूर्ण काढायला जाऊ नका. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, पुन्हा ऑइल. याला धीर लागतो, आणि तो मुलाकडे नसला तर त्या दिवसापुरता दुसरा बोल्ट घ्या.

पाटे धरणारे यू-बोल्ट सरळ कापून टाका. ते एकदा ताणले गेलेले असतात, पुन्हा वापरायचे नसतातच.

नट किती आवळायचा?

मॅन्युअलमधला आकडा हाच खरा. तो सापडत नसेल तर ८.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टसाठी अंदाजे: एम ८ ला २५ न्यूटन मीटर, एम १० ला ५०, एम १२ ला ८५. आट्यांना ग्रीस किंवा ऑइल लागलं असेल तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, त्यामुळे मॅन्युअल ‘कोरडा’ म्हणत असेल तर पुसून घ्या.

यासाठी एक पद्धत पहिल्या दिवसापासून ठेवा. मूल टॉर्क पान्याने आवळतं, खटका ऐकतं आणि पांढऱ्या पेंट मार्करने नटावरून खालच्या पत्र्यावर एक रेघ ओढतं. मग तुम्ही तोच पाना लावून खटका ऐकता आणि पहिल्या रेघेशेजारी पिवळी रेघ ओढता. एक रेघ म्हणजे अर्धं काम, दोन रेघा म्हणजे पूर्ण. नट पुढे सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते, पाना न लावताच कळतं. यात मुलाचं काम तपासलं जातं तसं तुमचंही: तुम्ही आवळलेल्या नटावर दुसरी रेघ मूल ओढेल.

काम संपलं की टॉर्क पाना सर्वात कमी आकड्यावर आणून ठेवा. आणि त्याने नट कधीही सोडवू नका.

ऑइल बदलताना काय चुकतं?

डिफरन्शियलचा (डिफ, म्हणजे ॲक्सलमधला दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअर) खालचा ड्रेन प्लग आधी उघडला जातो, सगळं ऑइल वाहून जातं, आणि मग कळतं की वरचा भरायचा प्लग गंजून बसलाय. नेहमी भरायचा प्लग आधी सोडवून बघा.

प्लगच्या चुंबकावर करडी पेस्ट असणं नेहमीचंच. नखाला लागतील असे तुकडे असतील तर आत दात किंवा बेअरिंग गेलंय. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. ते शिरतं असं: चालून गरम झालेला ॲक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. उपाय सोपा आहे, आणि दहा वर्षांचं मूल तो एका दुपारी करू शकतं. दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्या ब्रीदरला ६ ते ८ मिलिमीटरची नळी लावून ती बॉनेटखाली उंचावर न्यायची आणि टोकाला छोटा फिल्टर बसवायचा. ॲक्सल खालीवर होतो, म्हणून नळीला सैल वळण ठेवा.

डिफसाठी सहसा जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० लागतं. पण तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं काही गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या) खातात, तिथे जीएल-४ लागतं. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, गाडी सपाट उभी असताना.

ब्रेकची हवा दोघांनी कशी काढायची?

हे काम मुळातच दोन माणसांचं आहे, आणि जोडीने करायच्या कामांत सगळ्यात छान हेच. मूल पेडलवर, तुम्ही चाकापाशी. पारदर्शक नळीचं एक टोक निपलवर (चाकापाशी हवा काढायचा छोटा स्क्रू), दुसरं बाटलीतल्या ब्रेक फ्लुइडमध्ये बुडलेलं. तीन शब्द ठरवा. तुम्ही ‘दाब’ म्हणता, मूल हळूच पेडल दाबतं आणि ‘धरलं’ म्हणतं. तुम्ही निपल पाव फेरा उघडता, पेडल खाली जातं, नळीतून बुडबुडे येतात. निपल बंद केल्यावरच तुम्ही ‘सोड’ म्हणता. पेडल आधी सुटलं तर हवा परत आत, आणि सगळं पहिल्यापासून.

पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलला जोडलेला ब्रेकचा पंप) पिस्टन रोज जिथपर्यंत जातो त्यापुढचा भाग गंजलेला असतो. पेडल तळापर्यंत दाबलं की रबर सील त्या खरखरीत भागावर फाटतं, आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज गळायला लागतो.

सहसा सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण मॅन्युअल बघा. मागच्या ॲक्सलवर भारानुसार दाब बदलणारा व्हॉल्व्ह असेल तर मागची हवा काढताना ॲक्सल लोंबकळत ठेवू नका, तो व्हॉल्व्ह बंद राहतो. दर पाचसहा दाबांनंतर ब्रेक फ्लुइडची टाकी भरा. डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचं फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, तेव्हा उघडी पडून राहिलेली बाटली वापरू नका आणि दर दोन वर्षांनी फ्लुइड बदला. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. ब्रेक फ्लुइड गाडीच्या रंगावर सांडलं तर ताबडतोब पाणी ओता.

चाकात प्ले (ढिलेपणा) आहे. बेअरिंग की किंगपिन?

चाक उचला, स्टँड लावा. वर आणि खाली धरून हलवा. खडखड जाणवली तर मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर किंगपिन (पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो खिळा). डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर जो प्ले दिसतो तो टाय रॉडच्या (पुढची चाकं जोडून वळवणारी दांडी) एंडचा किंवा स्टीअरिंग बॉक्सचा. दुसऱ्या माणसाने तेव्हा जोडांवर बोट ठेवलं की नेमका कुठला जोड ते हाताला कळतं.

ठराविक वेगाला स्टीअरिंग जोरजोरात थरथरत असेल तर नुसता स्टीअरिंग डॅम्पर बदलू नका. त्याने थरथर दबते, कारण तसंच राहतं. किंगपिन बेअरिंगचा ताण, पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सल आडवा सरकू न देणारी दांडी) बोल्ट, टाय रॉड एंड, चाकांचं बॅलन्सिंग, या क्रमाने बघा. पुढच्या नकलच्या (चाक वळवणारा सांधा) गोळ्यावर पातळ काळं तेल ओघळत असेल तर आतलं ॲक्सल सील गेलंय. डिफचं ऑइल तिथल्या ग्रीसमध्ये मिसळतंय.

गाडी किती उंच करावी?

५० मिलिमीटरपर्यंत. त्यापुढे प्रत्येक इंच नवे भाग मागतो. त्या आधी वाढीव उंची आणि टायर तुमच्याकडच्या नोंदणीच्या आणि विम्याच्या नियमांत बसतात का ते विचारून घ्या.

चासी वर गेली की बाकीचं सगळं ताणलं जातं. प्रोपेलर शाफ्टचा (ॲक्सलकडे ताकद नेणारा फिरता दांडा) कोन वाढतो आणि थरथर येते. शाफ्टचा सरकता जोड बाहेर येतो. ब्रेकचे होज अपुरे पडतात. कॉइल स्प्रिंगच्या गाडीत ॲक्सल आर्मभोवती फिरतो, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, आणि वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येत नाही. पॅनहार्ड रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो.

पाट्यांच्या गाडीत लांब शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी) लावून उंची मिळवणारे बरेच असतात. ५० मिलिमीटर लांब शॅकलने ॲक्सलपाशी फक्त २५ मिळतात, कारण पाट्याचं एकच टोक खाली जातं. शिवाय ॲक्सल फिरतो. चांगले पाटेच घ्या. पुढचा ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये ठोकळे कधीच घालू नका, ब्रेक मारताना ते निसटू शकतात.

बसवून झाल्यावर एका वेळी एक चाक पूर्ण लोंबकळू द्या, स्टीअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवा, आणि मुलाने टॉर्च घेऊन बाजूने बघायचं: होज ताणतोय का, टायर घासतोय का, शॉकअप पूर्ण ताणला जाऊन संपतोय का. मग हेडलाइटची दिशा खाली आणा, समोरच्या माणसाचे डोळे दिपतात.

नवीन बुश सहा महिन्यांत फाटले. बनावट होते का?

बहुतेक नाही. गाडी स्टँडवर असताना, ॲक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळले गेले. रबरी बुश बोल्टभोवती फिरत नाही, तो पिळला जातो. लोंबकळत्या स्थितीत आवळला की ती त्याची शून्य जागा ठरते, आणि गाडी जमिनीवर आल्यापासून तो कायम पिळलेलाच राहतो. बोल्ट हाताने बसवा, गाडी चाकांवर उतरवा, चारही कोपरे दाबून हलवा, आणि मगच टॉर्क पाना लावा.

मोठ्या टायरचा हिशेब मुलाला कसा समजवायचा?

वहीवर. २०५/७० आर १५ म्हणजे रुंदी २०५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ७० टक्के, रिम १५ इंच. १४३.५ दुप्पट, अधिक ३८१, म्हणजे व्यास ६६८. आता २३५/७५ आर १५: १७६.२५ दुप्पट, अधिक ३८१, म्हणजे ७३३.५. फरक साडेपासष्ट मिलिमीटर, पण ॲक्सल वर जातो त्याच्या निम्माच, सुमारे ३३.

गुणोत्तर ७३३.५ भागिले ६६८, म्हणजे १.०९८. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ने धावत असेल. आणि प्रत्येक गिअर जवळजवळ दहा टक्क्यांनी लांब झाला. लहान इंजिनाला हे चढावर जाणवतं. डिफ ४.०९ चा असेल तर आधीसारखी ओढ मिळवायला ४.४९ च्या आसपासचा लागेल. हा हिशेब मुलाने स्वतः केला की ‘अजून मोठे’ हा हट्ट सहसा तिथेच निवळतो.

दिवे लावायचेत. वायर कोणती?

५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे ११० वॉट. १२ ने भागा, ९.२ अँपिअर. २.५ चौरस मिलिमीटरची वायर, १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. फ्यूज दिव्याजवळ लावला तर मधल्या सगळ्या वायरला फ्यूजचं संरक्षण राहत नाही. ती चासीला घासली की आग.

गाडीवर हात लावण्याआधी सगळं फळीवर जोडा. रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) ८५-८६ या टोकांमध्ये कॉइल, ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ ला दिवा. स्विच दाबल्यावर रिलेचा टिक्क आवाज ऐकला की मुलाला तो कायमचा समजतो.

विंच मुलाला चालवू द्यावी का?

नाही. ताणाखालचा दोर चालू असताना मूल दोराच्या लांबीच्या दीडपट दूर, आणि दोराच्या रेषेत नाही. विंचची क्षमता गाडीच्या पूर्ण भरलेल्या वजनाच्या दीडपट हवी. टो बॉलला (ट्रेलर अडकवायचा गोळा) पट्टा अडकवून गाडी कधीही ओढू नका. तो गोळा तुटून काचेतून आत येऊ शकतो.

आटे गेले, भाग तुटला, मूल रडवेलं झालं. मग?

त्या दिवशी त्याच बोल्टवर काम थांबवा, पण दिवस तसाच संपवू नका. दुसरं छोटं काम पूर्ण करा. गेलेले आटे इन्सर्टने (भोकात बसवायची नव्या आट्यांची गुंडाळी) पुन्हा बनतात, आणि ती दुरुस्ती मुलाला शिकवण्यासारखी आहे. पुढच्या वेळेसाठी: बोल्ट बसवताना आधी उलटा फिरवा, टक असा बारीक आवाज होऊन तो किंचित खाली बसला की सरळ फिरवा. पहिले तीन फेरे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर तो तिरका चाललाय.

बैठक दोन तासांची ठेवा. दमलेल्या हातांनीच बोल्ट मोडतात, लहान असोत की मोठे.

पहिल्या फेरीआधी आणि नंतर काय बघायचं?

आधी उभ्या गाडीत पेडल अर्धा मिनिट दाबून धरा, ते खाली सरकता कामा नये. मग मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने तीन-चार वेळा ब्रेक मारा. फोर व्हील ड्राइव्ह माती किंवा खडीवर टाकून बघा. पार्टटाइम गाडी (जिची चारही चाकं गरजेपुरतीच जोडली जातात) कोरड्या डांबरावर फोर व्हीलमध्ये वळवली तर पुढची-मागची चाकं वेगळं अंतर कापतात, ट्रान्समिशनमध्ये पीळ भरतो आणि लिव्हर अडकून बसतो.

दहा किलोमीटर चालवून थांबा. प्रत्येक हबवर हाताची मागची बाजू आणा. एखादा बाकीच्यांपेक्षा बराच गरम असेल तर बेअरिंग जास्त आवळलंय किंवा ब्रेक चिकटतोय. ५० ते १०० किलोमीटरनंतर व्हील नट आणि यू-बोल्ट पुन्हा टॉर्क करा, नवे यू-बोल्ट बसून थोडे सैल होतातच. मग मुलाला टॉर्च देऊन खाली पाठवा, गाडी स्टँडवर आणि ओट लावलेली. पुढच्या डाव्या चाकापासून सुरू करून त्याने एकेका नटाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि पांढरी-पिवळी रेघ सलग आहे का सांगायचं. तुम्ही बाहेर बसून वहीत खुणा करा.